अमरिलिस आणि ऑर्किड परत फुलवायचं सामान: काय घ्यावं आणि काय दुकानातच राहू द्यावं

अमरिलिसचा कंद आणि फॅलेनॉप्सिस ऑर्किड, दोन्ही लोक फुलं बघून घेतात आणि फुलं गळली की वर्षभर नुसती पानं बघत बसतात. मग सुरू होतं सामान घेणं. ब्लूम बूस्टर, ऑर्किड मिस्ट, केइकी पेस्ट, मेण लावलेला कंद, खास ऑर्किडची कुंडी, खास ऑर्किडचं मिक्स, ग्रो लाइट आणि काय काय. यातलं बहुतेक सगळं माझं वापरून झालंय म्हणून एकत्रच रिव्ह्यू लिहिते, स्टारबिर देत बसत नाही, घ्या किंवा घेऊ नका एवढंच सांगते. आणि माझं मत आधीच सांगून टाकते, या सगळ्यात खऱ्या कामाच्या दोन वस्तू झाडांच्या सामानात मिळतच नाहीत. एक म्हणजे कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा साधा डिजिटल थर्मामीटर आणि दुसरी शिवणकामाची मापाची टेप.

थर्मामीटर आधी घेऊ. फॅलला (आता पुढे फॅलच म्हणते, पूर्ण नाव टाइप करून बोटं दुखतात) फुलांचा दांडा म्हणजे स्पाइक येणार की नाही हे मुख्यतः तापमान ठरवतं. दिवस 28-29 अंशांच्या आसपास तापत राहिला की झाड पानांमागून पानं काढत बसतं, दांडा काढतच नाही, आणि ग्रीनहाऊसवाले हेच मुद्दाम करतात, लहान रोपं गरम ठेवून नुसती वाढवतात आणि विकायची वेळ जवळ आली की तापमान उतरवून सगळ्यांना एकदम स्पाइक आणतात. साधारण 25-26 च्या खाली काही आठवडे सलग राहिलं की आतून हालचाल सुरू होते. आता सगळीकडे लिहिलेलं असतं की रात्री गार पाहिजे, ते खरंय पण अर्धं. रात्र गार झाली आणि दुपारी त्याच खिडकीत काचेमागे 30 होत असेल तर रात्रीच्या गारव्याचा फारसा फायदा मिळत नाही. आणि हे तुम्हाला कळणार कसं, दुपारी तुम्ही घरी नसता आणि संध्याकाळी खिडकीजवळ मस्त गार वाटतं. कमाल-किमानवाला थर्मामीटर झाडाशेजारी ठेवला की दुसऱ्या दिवशी दोन्ही आकडे समोर येतात. माझ्याकडे मोठ्या खिडकीतलं फॅल नुसतं हिरवंगार बसलेलं असायचं आणि आतल्या खोलीतल्या कमी उजेडाच्या खिडकीतलं दरवेळी दांडा काढायचं, त्यामागचं कारण मला कुठल्या खताच्या बाटलीने नाही, या थर्मामीटरने दाखवलं. फक्त गारव्याचा अतिरेक नको, 15 च्या खाली बराच वेळ राहिलं तर पानांना त्रास होतो. तर थर्मामीटर, डोळे झाकून घ्या. एकच खबरदारी, त्याच्यावर थेट ऊन पडलं तर तो उन्हाचंच तापमान सांगतो, म्हणून कुंडीच्या सावलीत ठेवायचा.

आता टेप. ही अमरिलिससाठी. अमरिलिसचे कंद घेराच्या मापावर विकले जातात, सेंटिमीटरमध्ये, म्हणजे 24/26, 26/28, 30/32 असं लेबलवर असतं, आणि घेर जितका मोठा तितके दांडे जास्त निघायची शक्यता. मोठा कंद दोन, कधी तीन दांडेही काढतो, छोटा एक काढून मोकळा. पहिल्या वर्षीची फुलं ही तुमची कमाई नसतेच, कंद स्वतःचा डबा बांधूनच आलेला असतो, कळी शेतातच तयार झालेली असते, तुम्ही नुसतं पाणी घालता. म्हणूनच पहिल्या वर्षी सगळ्यांचं फुलतं आणि दुसऱ्या वर्षी कोणाचंच नाही. फुलल्यावर कंद चक्क बारीक होतो, हाताला मऊ लागतो. पुढचे कितीतरी महिने पानांनी काम करून तो परत भरून काढायचा असतो. म्हणून मी लावताना घेर मोजते, फुलं संपल्यावर मोजते आणि पानांचा हंगाम संपताना परत मोजते. साधारण 20-22 च्या खाली राहिला असेल तर फुलांची फार आशा धरू नये, त्याला अजून एक हंगाम खाऊपिऊ घालावं. तो आकडा बघितला की बरंच टेन्शन कमी होतं, कारण न फुलण्यात गूढ असं काही राहत नाही.

आणि अजून एक हिशोब आहे जो मला फार आवडतो. अमरिलिसचा कंद साधारण दर चार पानांमागे आत एक फुलांचा दांडा तयार करतो. आत तो लगेच बाहेर येत नाही, वर्षभराच्या आसपास पापुद्र्यांमध्ये दबून वाढत असतो, एकाच कंदात वेगवेगळ्या वयाचे असे दांडे एकाच वेळी असतात. म्हणजे तुम्ही या हंगामात किती पानं काढून घेतलीत त्यावर पुढच्याच नाही तर त्याच्यापुढच्या फुलांचंही ठरतं. फुलं गेल्यावर पानं नुसती लोंबतात आणि वाईट दिसतात म्हणून कापून टाकणारे लोक आहेत ना, त्यांनी कंद सरळ टाकूनच द्यावा, निदान कुंडी तरी मोकळी होईल. कापायचा तो फुलांचा दांडा, तोही वरची फुलं आधी आणि हिरवा दांडा पिवळा पडल्यावर, पानांना हात लावायचा नाही. बी धरू द्यायचं नाही, बी धरलं की सगळी ताकद तिकडे जाते. हां, स्वतः क्रॉस करून बी पेरायची हौस असेल तर वेगळं, मग बीपासून फुलापर्यंत तीन-चार वर्षं थांबायची तयारी ठेवा.

आता विकत मिळणाऱ्या सामानाकडे.

अमरिलिसचा बॉक्स किट. एक कंद, दाबलेल्या कोकोपीटची चकती आणि एक प्लॅस्टिकची कुंडी, बहुतेक वेळा खाली भोक नसलेली. गिफ्ट म्हणून ठीक आहे, पण परत फुलवायचं असेल तर यातला फक्त कंद कामाचा आणि तोही बऱ्याचदा लहान मापाचा, बॉक्सवर फोटो मात्र चार दांड्यांचा. कोकोपीटच्या चकतीत खायला काही नसतं, फुलं येईपर्यंत चालते कारण तोवर कंद साठ्यावरच जगत असतो, पण नंतर पानांच्या महिन्यांमध्ये झाड उपाशी. आणि भोक नसलेल्या कुंडीत पाणी साचलं की कंदाचं बूड कुजतं, वरून कळतसुद्धा नाही. किट घेतलंच तर कुंडी बाजूला ठेवा, भोक असलेली जड कुंडी घ्या, कंदापेक्षा सगळ्या बाजूंनी दोन बोटं जास्त एवढीच, आणि कंदाचा वरचा तिसरा भाग तरी मातीच्या वर राहील असा लावा. मोठी कुंडी दिली की जास्त वाढेल असं वाटतं, पण जादा माती ओली राहते आणि मुळं सडतात. जड कुंडी यासाठी की चार मोठी फुलं दांड्याच्या टोकावर आली की हलकी प्लॅस्टिकची कुंडी सरळ आडवी होते. अजून एक, काही बॉक्समधल्या कंदाने अंधारातच दांडा काढलेला असतो, पांढरट, वाकडा, बॉक्सच्या कोपऱ्याचा आकार घेतलेला. तो मरत नाही, उजेडात ठेवला की हिरवा होतो आणि बराचसा सरळही होतो, तेवढ्यासाठी परत करायची गरज नाही.

मेणाचा कंद, म्हणजे लाल नाहीतर सोनेरी मेणात बुडवलेला, पाणी नको माती नको असं लिहिलेला. परत फुलवायचं असेल तर घेऊ नका, एवढंच. कारण मेण लावण्याआधी मुळं छाटतात, बऱ्याचदा बुडाचा भागही कापतात, आणि उभा राहावा म्हणून खालून तार खुपसलेली असते. मुळंच नाहीत तर पानं आल्यावर पाणी कुठून घेणार. फुलं संपल्यावर मेण सोलून, तार काढून, कोरड्या मिक्समध्ये लावून बघता येतं आणि बुडाची चकती शाबूत असेल तर काही कंद नवीन मुळं काढतातही, पण चकतीच कापलेली असेल तर विषय संपला, मुळं तिथूनच येतात. टेबलावर ठेवायची फुलं म्हणून छानच दिसतो, माझं भांडण फक्त त्या कागदाशी आहे ज्याच्यावर दरवर्षी फुलेल अशा अर्थाचं लिहिलेलं असतं. असा एक मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवला होता, नाव घेत नाही, सोलून बघितला तर खाली चकती नव्हतीच, सपाट कापलेलं, आणि मेसेज केल्यावर उत्तर आलं की कोमट पाणी शिंपडत राहा. कुठे शिंपडू?

सुट्टा कंद, हाताने उचलून बघून घेता येईल असा. हा सगळ्यात चांगला सौदा. वजनाने जड लागला पाहिजे, दाबल्यावर कडक, खालची मुळं जाडजूड आणि निदान काही तरी जिवंत, मानेजवळ हिरवी-निळी बुरशी नको. पापुद्र्यांवर लालभडक चट्टे दिसले, विशेषतः मानेपाशी आणि कोवळ्या दांड्यावर, तर तो बुरशीचा रेड ब्लॉच असू शकतो, त्यात दांडा वाकतो आणि पानं खराब होतात, असा कंद सोडून द्या. कंदावर थोडा लालसरपणा खरचटल्यामुळेही येतो त्यामुळे प्रत्येक लाल ठिपक्याला घाबरायचं नाही. व्हरायटीचं म्हणाल तर रेड लायन आणि अॅपल ब्लॉसम या जुन्या जाती आहेत, सहज मिळतात आणि घरात बऱ्यापैकी सोशिक आहेत. पापिलिओ घेतलीत तर लक्षात ठेवा, ती मूळ ब्राझीलची सदाहरित जात आहे, तिला कोरडं ठेवून झोपवायला जायचं नाही. फुलपाखरासारखी हिरवट-मरून रेघांची फुलं, दिसायला माझी सगळ्यात लाडकी, पण तिच्यावर नेहमीचं वेळापत्रक लावून ती मारणारे खूप.

झोपवण्यावरून आठवलं, विश्रांतीबद्दल किटच्या कागदावर जे असतं ते वाचून असं वाटतं की पाणी तोडलं नाही तर फूल येणारच नाही. असं नसतं. कंद पुरेसा भरला असेल तर विश्रांती न देताही फुलू शकतो, फक्त केव्हा ते तो ठरवणार. तुम्हाला ठराविक वेळेला फुलं पाहिजेत तर पाणी हळूहळू कमी करून थांबवायचं, पानं आपोआप वाळू द्यायची आणि कुंडी गार, कोरड्या जागी ठेवायची, 13 अंशांच्या आसपास आठ-दहा आठवडे, मग परत उबेत आणून पाणी सुरू. त्यानंतर सहा-आठ आठवड्यांत फुलं, कधी जास्तही लागतात. इतकी गार जागा घरात नसेल तर निदान कोरडी विश्रांती द्या, आणि सुट्टा कंद फ्रिजमध्ये ठेवायचा विचार असेल तर त्याच फ्रिजमध्ये सफरचंदं नकोत, पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि आतली कळी आतच खराब होते. ऑर्किडच्या कळ्यासुद्धा याच इथिलीनने पिवळ्या पडून न उमलताच गळतात, म्हणून फळांच्या टोपलीशेजारी फुलायला आलेलं ऑर्किड ठेवू नये, फोटोत कितीही छान दिसलं तरी.

एक महत्त्वाचं, घरात मांजर-कुत्रं असेल तर अमरिलिसचा कंद त्यांच्या हाती लागू देऊ नका, त्यात लायकोरिन नावाचं विष असतं, उलट्या होतात. फॅलचा तसा धोका नाही.

आता ऑर्किड. आधी झाड घेण्याबद्दल, कारण निम्मं काम तिथेच होतं. सगळ्या कळ्या उमललेलं झाड भारी दिसतं पण मी नेहमी निम्म्या कळ्या मिटलेलं घेते, फुलं जास्त दिवस बघायला मिळतात. फुलांपेक्षा पारदर्शक कुंडीतून मुळं बघा, पाणी घातल्यावर हिरवी आणि सुकल्यावर चंदेरी दिसणारी कडक मुळं हवीत, तपकिरी आणि पोकळ झालेली नकोत. आणि निळं ऑर्किड, ते निळंशार चमकदार असतं ना, ते पांढऱ्याच फॅलच्या दांड्यात रंग टोचून केलेलं असतं, दांड्याला कुठेतरी बारीक भोक आणि त्याच्यावर मेणासारखं काहीतरी दिसेल. पुढच्या वेळी फुलेल ते पांढरंच. पांढरं आवडत असेल तर खुशाल घ्या, झाड वाईट नसतं, पण निळ्याचे जादा पैसे द्यायचे की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

घरी आणल्यावर, म्हणजे फुलं संपल्यावर, कुंडीतून काढून मध्यभागी बोट घालून बघा. बऱ्याच झाडांच्या मुळांच्या गड्ड्यात मधोमध मॉसचा (म्हणजे सुकवलेल्या शेवाळाचा) नाहीतर स्पंजसारखा एक घट्ट गोळा असतो, रोप लहान असताना त्यात वाढवलेलं असतं आणि मग तसंच मोठ्या कुंडीत बसवून वरून झाडाच्या सालीचे तुकडे भरलेले असतात. बाहेरची साल सुकते, हा गोळा आठवडाभर ओलाच राहतो, आणि लोक म्हणतात मी तर कमी पाणी घातलं तरी झाड सडलं. तो गोळा हळूच काढायचा, मुळं थोडी तुटली तर तुटू देत.

पारदर्शक भोकांची कुंडी, घ्या. महागडी नको, नुसती पारदर्शक आणि खूप भोकं असलेली. मुळं उजेडात जगतात म्हणून पाहिजे असं नाही, तर तुम्हाला आत दिसतं म्हणून पाहिजे. मुळं चंदेरी झाली की पाणी, हिरवी असतील तर हात मागे, यापेक्षा सोपं वेळापत्रक कुणी देऊ शकणार नाही. सिरॅमिकची सुंदर भोकवाली ऑर्किड कुंडी मात्र मुळं आतून इतकी चिकटवून धरते की कुंडी बदलताना एकतर कुंडी फोडा नाहीतर मुळं सोलवटून काढा.

तयार ऑर्किड मिक्स, इथे फार फरक आहे. काही पिशव्यांत पाइनच्या सालीचे स्वच्छ सारख्या आकाराचे तुकडे असतात, ते उत्तम, आणि काहींत निम्मा भुसा, कोकोपीट नाहीतर चक्क माती मिसळलेली असते, वर लेबल ऑर्किडचंच. पिशवी हलवून बघा, तळाला बारीक चुरा खूप जमला तर नको. साल एक-दोन वर्षांत कुजून चुरा होते, मग हवा जात नाही, तेव्हा बदलायची. मॉस वाईट नाही पण मॉसमध्ये पाणी घालायचा हात अगदी आवरता पाहिजे, आणि तो दाबून भरायचा नाही, सैल ठेवायचा. ज्यांचा हात पाण्याला सढळ त्यांनी सालच घ्यावी, ज्यांना आठवडाभर झाडाकडे बघायला होत नाही त्यांना मॉस बरा.

आता सगळ्यांचा आवडता विषय, ब्लूम बूस्टर. बाटलीवर 10-30-20 किंवा 10-52-10 असे आकडे असतात, मधला आकडा फॉस्फरसचा, आणि कल्पना अशी की फॉस्फरस वाढवला की फुलं येतात. फॅलच्या बाबतीत स्पाइक तापमानाने सुरू होतो हे वर सांगितलंच, फॉस्फरसने नाही, दुपारी 30 अंश असलेल्या खिडकीत 52 चा आकडा काहीही करणार नाही. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या ऑर्किडसाठी जो फॉर्म्युला तयार झाला आणि जो आता एमएसयू म्हणून बरेच ऑर्किडवाले वापरतात, त्यात फॉस्फरस अगदी थोडा असतो, शुद्ध केलेल्या पाण्यासाठी 13-3-15 आणि विहिरी-बोअरच्या जड पाण्यासाठी 19-4-23. तीन आणि चार! आणि झाडं मजेत फुलतात. म्हणून बूस्टर घेऊ नका, साधं 20-20-20 घ्या, लिहिलेल्या प्रमाणाच्या पाव भाग करून वाढीच्या काळात जवळजवळ दर पाण्याला द्या, शक्यतो ज्यात नायट्रोजन नुसता युरियाचा नाही असं, कारण युरिया मुळांना वापरण्याजोगा होणं बरंचसं जिवाणूंवर अवलंबून असतं आणि ताज्या सालीत ते कमीच असतात. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी नीट धुवून काढा, नाहीतर सालीवर आणि मुळांच्या टोकांना पांढरे क्षार बसतात आणि टोकं जळतात. हेच खत अमरिलिसला पानांच्या हंगामात थोडं जास्त ताकदीचं चालतं, तो खादाड आहे. आणि फुलं उमलत असताना अमरिलिसला खत घातलं नाही म्हणून काही बिघडत नाही, खरी गरज नंतरच.

ऑर्किड मिस्ट, म्हणजे पानांवर मारायचा स्प्रे, आणि पानं चमकवायचा स्प्रे. दोन्ही घेऊ नका. मिस्टमध्ये अगदी पातळ खत असतं, आणि खरा धोका हा की पाणी पानांच्या मधल्या खळग्यात साचतं आणि तिथला कोंब सडतो. फॅलला वाढायला तेवढा एकच मधला कोंब असतो, तो गेला की नवीन पान संपलं. पानं पुसायला ओलं फडकं पुरतं.

बर्फाचं पण विचारतात म्हणून सांगते, कारण काही कुंड्यांवर आठवड्याला तीन बर्फाचे तुकडे घाला असं लेबलच असतं. मलाही हे ऐकून अंगावर काटा यायचा, गरम प्रदेशातलं झाड आणि मुळांवर बर्फ. पण 2017 मध्ये हॉर्टसायन्स या जर्नलमध्ये ओहायो स्टेट आणि जॉर्जिया विद्यापीठांचा अभ्यास आला होता, सालीत लावलेल्या फॅलवर बर्फ आणि साधं पाणी यांची तुलना, आणि फुलं टिकण्यात काही नुकसान दिसलं नाही. तर बर्फवाल्यांना हसायचं कारण नाही. पण तो अभ्यास फुलं किती दिवस टिकतात याचा आहे, वर्षानुवर्षं परत फुलवण्याचा नाही, आणि बर्फाने कुंडी धुतली जात नाही, क्षार तसेच राहतात. मी आपलं कुंडी बेसिनमध्ये धरून भरपूर पाणी ओतते आणि निथळू देते.

केइकी पेस्ट, ही मजेची वस्तू आहे. यात सायटोकायनिन गटातलं हार्मोन असतं, स्पाइकवरच्या गाठीचा पातळ पापुद्रा सोलून टाचणीच्या टोकाएवढं लावायचं, आणि झोपलेला डोळा जागा होतो. पण जागा होऊन तो फुलांची फांदी काढेल की पिल्लू रोप, हे तुमच्या हातात फारसं नसतं, गरम असेल तर पिल्लाकडे कल जास्त. ताकदवान, पाच-सहा जाड पानांच्या झाडावर प्रयोग म्हणून छान, मरतुकड्या झाडाला लावू नका, उरलीसुरली शक्तीही ओढली जाते. एकाच दांड्यावर सगळ्या गाठींना लावणारे पण बघितलेत, हावरटपणा नुसता. फुलं गेल्यावर हिरवा दांडा खालून दोन-तीन गाठी ठेवून कापला तर पेस्ट न लावताही दोन-तीन महिन्यांत फांदी येऊ शकते, फुलं थोडी लहान येतात. दांडा तपकिरी झाला असेल किंवा झाड लहान असेल तर सरळ बुडापासून कापून झाडाला पानं करू द्यावीत.

कापायला मात्र एक चांगली गोष्ट घ्या, एकदा वापरून टाकायच्या ब्लेडचं पाकीट. ऑर्किडचे विषाणू एका झाडाच्या रसातून दुसऱ्यात कात्रीने जातात आणि त्यांच्यावर औषध नाही. प्रत्येक झाडाला नवं ब्लेड, नाहीतर कात्री ज्योतीवर लाल करून. स्वस्तात मोठं संकट टळतं.

ग्रो लाइट, खिडकी खरंच अंधारी असेल तरच. झाडच सांगतं, फॅलची पानं गडद काळपट हिरवी, लांब आणि लोळणारी असतील तर उजेड कमी पडतोय, पोपटी हिरवी आणि कडेला किंचित लालसर असतील तर भरपूर मिळतोय. पांढरा एलईडी आणि टायमर पुरतो, जांभळा लाइट घेऊन घराचा डान्सबार करायची गरज नाही. अमरिलिसला तर पानांच्या हंगामात जितका उजेड देता येईल तितका द्या, घरातल्या कोपऱ्यात ठेवून घेर भरत नाही, बाहेर ठेवता आला तर सगळ्यात उत्तम, फक्त एकदम कडक उन्हात न नेता हळूहळू सवय लावायची.

वरचं सगळं फॅलचं आहे हं. डेंड्रोबियम प्रकारचं ऑर्किड घेतलं असेल तर पान गळून काड्या उघड्या पडल्या म्हणून कापू नका, जुन्या काड्यांवरही फुलं येतात. आणि नोबिले प्रकारचं असेल तर त्याला वाढ पूर्ण झाल्यावर गार आणि बऱ्यापैकी कोरडी विश्रांती लागते, खत बंद, नाहीतर फुलांच्या जागी पिल्लंच पिल्लं निघतात. लेबलवर नुसतं 'ऑर्किड' लिहिलेलं झाड घेताना निदान प्रकार तरी विचारून घ्या, दुकानदाराला माहीत नसेल तर पानाकाड्यांचा फोटो काढून कुणा जाणकाराला दाखवा.

शेवटचं, काठी आणि क्लिप. घ्या, स्वस्त आहेत आणि उपयोगी. पण आधी जे आलंय तो दांडाच आहे ना ते बघा, मुळाचं टोक गोल गुळगुळीत असतं आणि स्पाइकचं टोक चपटं, अंगठा वेगळा आणि बाकी बोटं एकत्र असलेल्या हातमोज्यासारखं. दांडा बोटभर-दीडबोट झाला की काठी लावा, वाढत असताना थोडा थोडा वळवत जा, एकदम ताठ करायला गेलात तर कट्कन मोडतो. क्लिप गाठीच्या खाली लावा, गाठीवर नको. आणि एकदा कळ्या दिसायला लागल्या की कुंडी फिरवणं बंद, उजेडाची बाजू बदलली की कळ्या तिकडे माना वळवतात आणि फुलं उलटसुलट तोंडं करून उमलतात. कुंडीच्या खिडकीकडच्या बाजूला पेनने एक रेघ मारून ठेवा, म्हणजे पाण्याला नेलीत तरी परत तशीच ठेवता येते.